घरचं पाणी आणि महिन्याचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेकडच्या उपनगरात आहे. चाळीस फ्लॅट, महापालिकेचं पाणी अपुरं, एक बोअर आणि उरलेल्या गरजेला टँकर. कमिटीत पाण्याचं काम मी बघते. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना लोक मला जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसह इथे एकत्र लिहिले आहेत. हिशेब सगळे घरी कागदावर मांडता येतील असेच आहेत. तुमचे आकडे घालून पुन्हा मांडा.

पाणीपट्टी तर ठरलेलीच असते. मग पाणी वाचवून पैसे कसे वाचणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातून जाते. तुम्ही दहा बादल्या वापरा की वीस, त्या आकड्यात फरक पडत नाही. म्हणून लोकांना वाटतं, पाणी वाचवणं हे पुण्य कमावण्याचं काम, पैशांचं नाही.

पण पाण्याचा खरा खर्च पाणीपट्टीत नसतोच. तो दुसऱ्या बिलांच्या पोटात असतो. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये. पाणी वर चढवणाऱ्या मोटरची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवर, म्हणजे पुन्हा मेंटेनन्समध्येच. आंघोळीचं पाणी तापवल्याची वीज तुमच्या स्वतःच्या लाइट बिलात. बोअरच्या जड पाण्याने खराब झालेली गीझरची कॉइल, फिल्टरच्या कार्ट्रिज, भिंतीत मुरलेल्या पाण्यामुळे निघालेला रंग, हे सगळं किरकोळ खर्चात. हे चार ठिकाणचे आकडे मी पहिल्यांदा एका कागदावर आणले तेव्हा पाणीपट्टी त्यांच्यापुढे अगदीच लहान दिसली.

म्हणून आधी तुमच्या घरचं पाणी कुठल्या बिलात शिरलंय ते शोधा. ज्याच्याकडे टँकर येतो त्याने फ्लश आणि गळतीपासून सुरुवात करावी. ज्याच्याकडे टँकर येत नाही पण गीझर दिवसभर चालतो, त्याने गरम पाण्यापासून. सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही.

मुंबईत आमच्या बिल्डिंगला मीटर आहे. तिथे हिशेब वेगळा का?

हो, बराच वेगळा. मुंबई महापालिकेची आकारणी टप्प्याटप्प्याने चढते. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० पर्यंतच्या पाण्याला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. शिवाय पाण्याच्या आकारावर ७० टक्के मलनिःसारण आकार लागतो. मूळ दर कमी असल्यामुळे लोक बिलाकडे लक्ष देत नाहीत. पण एखाद्या बिल्डिंगची वरची टाकी रोज रात्री वाहत असेल, तर ते वाहून गेलेलं पाणी सगळ्यात महागड्या टप्प्यात मोजलं जातं. सेक्रेटरींकडून मागची चार बिलं मागून घ्या आणि कोणत्या टप्प्यात किती पाणी गेलंय ते बघा. राहणाऱ्या माणसांची संख्या कमी नोंदलेली असेल, तरीही वापर वरच्या टप्प्यात जातो. हेही एकदा तपासा.

पिंपरी-चिंचवडमध्येही मीटर आहेत आणि वापर वाढेल तसा दर चढतो. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून पाणीपुरवठा दिवसाआड आहे, त्यामुळे साठवणुकीबद्दल पुढे जे लिहिलंय ते तिथल्या वाचकांनी नक्की वाचावं.

एका घराला साधारण किती पाणी पुरायला हवं?

शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. आमच्या सोसायटीत १६० माणसं धरली तर २१,६०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दोन आणि वर थोडं.

आता याच आकड्यावरून एक हिशेब करा. प्रत्येकाने दिवसाला फक्त २० लिटर, म्हणजे एक बादली, कमी वापरली तर दिवसाला ३,२०० लिटर आणि महिन्याला ९६,००० लिटर वाचतात. जवळजवळ दहा टँकर. टँकर दीड हजाराला धरला तर १५,००० रुपये, आणि चाळीस घरांत वाटले तर घरटी महिन्याला पावणेचारशे. उन्हाळ्यात टँकरचा भाव वाढतो, तेव्हा त्याहून जास्त.

माझ्या सासूबाई लातूरच्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, तेव्हा त्या तिथेच होत्या. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. पाच लाख लिटर म्हणजे आमच्यासारखे पन्नास टँकर. आमची चाळीस घरं तेवढं पाणी साडेतीन आठवड्यांच्या आत संपवतात. सासूबाई इथे राहायला आल्यापासून आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणी मोरीत गेलेलं मी पाहिलेलं नाही.

नळ थोडासाच गळतो. त्याने असा काय फरक पडणार?

नळाखाली लिटरचा मापाचा मग ठेवा आणि घड्याळ बघा. तासात भरला तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर. घरात असे दोन नळ असले की महिन्याला दीड हजार लिटरच्या जवळ.

जुन्या, फिरवून उघडायच्या नळात बहुतेक वेळा वायसर झिजलेला असतो. काही रुपयांची वस्तू. मुख्य कॉक बंद करायचा, पान्याने नळाचं डोकं काढायचं, जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. पाव फेरीत उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, आतला अख्खा स्पिंडल, म्हणजे नळ उघड-बंद करणारा दांडा, बदलावा लागतो. जुना स्पिंडल हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा, नुसतं तोंडी सांगून योग्य माप मिळत नाही. नळ घट्ट पिळून गळती थांबवू नका. त्याने वायसर कापला जातो आणि आठवड्याभरात गळती वाढते.

घरात कुठेच गळत नाही, तरी पाणी जास्त जातंय. कुठे शोधू?

फ्लशच्या टाकीत. हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यात मोठी गळती तिथेच सापडली.

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री वरची टाकी भरून, खालून येणारं पाणी बंद करून, आम्ही एक ते पाच या वेळात तिची पातळी मोजली. सगळी सोसायटी झोपलेली असताना पाणी जवळजवळ हलायलाच नको. ते एक वीत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघर गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बंद होता, मालक परगावी. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. दार उघडल्यावर आधी काहीच दिसलं नाही. फरशी कोरडी, नळ बंद. मग न्हाणीघरात कमोडच्या आत एक बारीक पांढरी रेघ दिसली. टाकीतून पाणी काठावरून सतत झिरपत होतं आणि त्याच्या क्षारांनी ती रेघ उमटली होती. कान लावला तर आत टाकी भरण्याचा अगदी हलका सूं आवाज. लिटरचा मग लावून मोजलं, पाच मिनिटांत एक लिटर. दिवसाला २८८ लिटर. रिकामं घर दोन माणसांच्या हक्काचं पाणी पीत होतं, आणि ते किती महिने चाललं होतं कोण जाणे.

तुमच्या घरी तपासायचं असेल तर फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळं झालं तर बहुधा टाकीच्या तळाचा रबर सील गेलेला आहे. सील बदलायचं काम प्लंबर अर्ध्या तासात करतो. पण टाकी सारखी भरत राहते आणि आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी जाताना दिसतं, तर फ्लोट, म्हणजे टाकीतला तरंगता फुगा, थोडा खाली घ्यायचा, झालं.

जास्त दिवस परगावी जाणार असाल तर फ्लॅटचे सगळे मुख्य कॉक बंद करून जा. आमच्याकडे आता हा नियमच आहे.

जुना मोठा फ्लश बदलून दोन बटणांचा बसवावा का?

टँकर घेणाऱ्या सोसायटीत, माझ्या मते, नक्की. जुन्या टाकीतून एका वेळी दहा-बारा लिटर जातात. दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटर. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होतो असं धरा. जुन्या टाकीने २०० लिटर. नव्याने पंधरा वेळा लहान आणि पाच वेळा मोठं बटण दाबलं तर ७५ लिटर. महिन्याला पावणेचार हजार लिटरचा फरक.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुनं कमोड दहा लिटरच्या धारेसाठी बनवलेलं असेल, तर सहा लिटरमध्ये ते नीट साफ होत नाही, मग माणूस दोनदा बटण दाबतो आणि बचत संपते. नवी टाकी आणण्याआधी एक सोपा प्रयोग करा. बादलीत मोजून सहा लिटर पाणी घ्या आणि एका झटक्यात कमोडमध्ये ओता. साफ झालं तर टाकी बदला. नाही झालं तर कमोडसकट बदलायची वेळ येईपर्यंत थांबा, आणि तोवर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली झाकण घट्ट लावून उभी ठेवा. वीट ठेवू नका. ती विरघळून तिची माती सीलमध्ये अडकते.

शॉवर की बादली?

बादली. यात मला कधीच शंका वाटली नाही. बादलीत १५ ते २० लिटर मावतात आणि ती संपली की आंघोळ संपते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात, आणि साबण लावताना तो बंद करणारी माणसं थोडी.

पण इथे पाण्यापेक्षा विजेचा हिशेब मोठा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हिवाळ्यात २२ अंशांचं पाणी ४२ अंशांवर न्यायचं तर २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धं युनिट. आठ मिनिटांच्या शॉवरला ७० लिटर धरले तर दीड युनिटाच्या वर. चौघांच्या घरात रोज बादलीने दोन युनिट, शॉवरने साडेसहा. महिन्याला सुमारे १४० युनिटांचा फरक, आणि महावितरणचा दर युनिटं वाढतील तसा चढत असल्यामुळे ही १४० युनिटं नेमकी सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. हिवाळ्यात बिल का वाढतं याचं उत्तर बहुतेक घरांत इथेच असतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा. उकळतं पाणी काढून त्यात गार मिसळायचं, यात वीज जास्त जाते. आणि बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा गीझर उघडून कॉइलवरचा पांढरा थर काढून घ्या. तो थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते.

सोलर हीटर आहे. मग गरम पाण्याचा प्रश्नच नाही ना?

विजेचा नाही, पाण्याचा आहे. गच्चीवरून तुमच्या न्हाणीघरापर्यंत ३० मीटर एक इंची पाइप असेल, तर त्यात १५ लिटर थंड पाणी अडकलेलं असतं. गरम पाणी येईपर्यंत ते सगळं मोरीत सोडलं जातं. सकाळी एकाने नळ उघडला, एक बादली गेली. तासाभराने दुसरा उठला, पाइप पुन्हा गार, पुन्हा एक बादली.

यावर उपाय घरातल्यांच्या उठण्याच्या वेळा जुळवण्याचा. आंघोळी लागोपाठ करा. पहिली थंड बादली वेगळी भरा, ती फरशी पुसायला, कपडे भिजवायला, झाडांना होते. गच्चीवरच्या उघड्या पाइपला उष्णतारोधक आवरण आहे का तेही बघा. उन्हाने ते दोन-तीन वर्षांत कुजून गळून पडतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.

स्वयंपाकघरातला नळ सारखा चालू असतो. भांड्यांना पाणी लागणारच की?

लागणार, पण कितपत, ते नळाच्या धारेवर ठरतं. लिटरचा मग धरून किती सेकंदांत भरतो ते बघा. चार सेकंदांत भरला तर मिनिटाला १५ लिटर जातायत. खालच्या मजल्यांवर तर टाकीच्या उंचीमुळे धार आणखी जोरात येते. आधी सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणारी छोटी तोटी, अर्धा बंद करा. याला एक पैसा लागत नाही. मग नळाच्या तोंडाला जाळीचा एरेटर बसवा. तो पाण्यात हवा मिसळतो, धार भरलेली दिसते आणि मिनिटाला पाच-सहा लिटरच जातात. जड पाण्यात त्याची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी तुंबते. रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवली की मोकळी होते.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. पाणी वाचवायची बोलणी सगळ्यात आधी भांडी घासणाऱ्या मावशींना खावी लागतात. त्यांना पाच घरं करायची असतात, त्यांच्याकडे वेळ नसतो आणि नळ तुमचा असतो. त्यांना बोलण्याआधी धार कमी करून द्या, खरकटं काढून भांडी परातीत भिजवून ठेवा, आणि एक मोठं टब द्या. आमच्याकडच्या मावशींनी टब मिळाल्यावर स्वतःच सांगितलं की काम लवकर आटपतं.

रात्रीचं भरलेलं पाणी सकाळी शिळं होतं का?

नाही. ही सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. सकाळी नळाला पाणी आलं की आदल्या दिवशीचे हंडे, कळशा, माठ ओतून द्यायचे आणि ताजं भरायचं. माझ्या आईच्या घरी रोज दोन हंडे मोरीत जायचे. स्वच्छ घासलेल्या भांड्यात, झाकण ठेवून, ओगराळ्याने घेतलेलं नळाचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत लोक तेच पितात. हात बुडवून पाणी घेतल्याने ते खराब होतं, रात्र उलटल्याने नाही. आणि भांडं घासायचंच असेल तर आतलं पाणी बादलीत काढा, मोरीत नको.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कशाला वापरावं?

त्याआधी विचारा, आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर, लागतोच का? एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे घरगुती आरओ साधारण दोन ते तीन लिटर बाहेर टाकतो. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असले तर भारतीय मानकाप्रमाणे ते पिण्यास योग्य मर्यादेत धरतात. खडकवासला धरणसाखळीतून येणारं पुण्याचं नळाचं पाणी या मर्यादेच्या बरंच खाली असतं. त्याला आरओची गरज नाही, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक पडद्यातून गाळणारा) फिल्टर पुरतो. बोअर किंवा टँकरचंच पाणी पीत असाल तर मात्र तपासून घ्या. टीडीएसचा छोटा मीटर सोसायटीत एक असला तरी सगळ्यांचं काम भागतं.

आरओ असेलच, तर त्याची बारीक नळी सिंकमध्ये न सोडता कॅनमध्ये सोडा. ते पाणी फरशी पुसायला, फ्लशला, पायपुसणी धुवायला चांगलं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात. झाडांना तांदळाचं, डाळीचं धुवण घाला.

वॉशिंग मशीनमध्ये किती पाणी जातं?

वरून उघडणाऱ्या फुल ऑटोमॅटिकमध्ये एका वेळी शंभर लिटरच्या वर सहज जातं, समोरून उघडणाऱ्यात साधारण त्याच्या निम्मं. मशीन भरेपर्यंत थांबा. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरलं तर न्हाणीघर आणि बाल्कनी धुऊन होते.

टँकर पूर्ण भरलेला येतो का, हे कसं कळणार?

मोजून. आमच्या खालच्या टाकीचं माप पाच मीटर बाय चार मीटर आहे, म्हणजे वीस चौरस मीटर. दहा हजार लिटर पडले की पाणी बरोबर ५० सेंटिमीटर चढायला हवं. आम्ही एका सरळ बांबूवर दर पाच सेंटिमीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळली. टँकर येण्याआधी बांबू उभा बुडवायचा, ओला भाग बघायचा, टँकर गेला की पुन्हा. वॉचमनदादा दोन्ही आकडे वहीत लिहितात. तेवढ्या वेळेपुरती मोटर बंद ठेवायची, नाहीतर आकडा चुकतो.

पहिल्या आठवड्यात चाळीसच्या आसपास आकडे आले. म्हणजे दर टँकरमागे दोन हजार लिटर कमी, पैसे मात्र पूर्ण. वही पुरवठादारासमोर ठेवली. भांडण झालं नाही. त्यानंतर पाणी पन्नासच्या खाली क्वचितच राहिलं. वर्षभर पाणी वाचवायच्या सूचना लावून जेवढं साधलं नसतं, तेवढं त्या बांबूने एका महिन्यात साधलं.

मोटरच्या विजेत किती बचत होते?

फार नाही, आणि तसं सांगणंच बरं. हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला, मोटरची झीज-घट धरून, साधारण पाव युनिट लागतं. इथे खरा तोटा होतो तो टाकी भरल्यावरही मोटर चालू राहिली की. वीजही गेली आणि टँकरचं पाणीही गटारात गेलं. वरच्या टाकीत पातळी ओळखून मोटर बंद करणारा सेन्सर बसवा, आणि बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा तरंगता गोळा, दर सहा महिन्यांनी बघा.

आम्ही दोघंच राहतो, शेजारी सहा जण. पाण्याचे पैसे सारखेच का?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि मापावर वाटायचा असं आहे. माणसांवर नाही. दोघांना ते टोचतं, हे मला मान्य आहे.

यावर खरा उपाय प्रत्येक घराला मीटर. पण त्यात एक अडचण आहे, ती आधी समजून घ्या. आपल्या बहुतेक इमारतींत स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरं, कपडे धुण्याची (ड्राय) बाल्कनी यांना गच्चीवरून वेगवेगळे पाइप उतरतात. एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागतात, आणि त्यांचा खर्च, रीडिंग, दुरुस्ती हे सगळं आलं. ज्यांच्याकडे महिन्याला लाखभराचे टँकर येतात त्यांना ते परवडतं. नव्या इमारतीत घर घेत असाल तर बिल्डरला आत्ताच विचारा, फ्लॅटला पाणी किती ठिकाणांहून येतं. नंतर भिंती फोडण्यापेक्षा हा प्रश्न स्वस्त.

पावसाचं पाणी साठवून टँकर बंद होतील का?

बंद नाहीत, कमी होतील. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची ३०० चौरस मीटर, पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी १,६८,००० लिटर. सोळा-सतरा टँकर. पण हे पाणी जून ते सप्टेंबरमध्ये पडतं आणि आपल्याला ते एप्रिलमध्ये हवं असतं. एवढी मोठी टाकी बांधायला जागा नसते. म्हणून गाळणीतून ते बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवायचं. बोअर उन्हाळ्यात किती जास्त दिवस टिकते, त्यावर त्याची किंमत ठरते. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, गच्चीवरची घाण त्यात असते.

पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळ खत आणि पर्जन्यजल संचय यांतला एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू स्थितीत दाखवावा लागतो. गाळणीतली खडी दरवर्षी मे महिन्यात धुऊन घ्या.

पाणी दिवसाआड येतं, साठवावंच लागतं. डासांचं काय?

डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पिंप, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एक दिवस रिकाम्या करून कोरड्या करायच्या. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. आम्ही शुक्रवार ठरवला आहे. गुरुवारी पिंप भरायचं नाही, आहे ते धुण्याला, फरशीला वापरून संपवायचं, म्हणजे ओतून द्यायला काही उरत नाही. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं नीट बसतात का, तेही त्याच दिवशी बघायचं.

भाड्याच्या घरात राहतो. हा खर्च मी का करू?

सगळा करू नका. गळका फ्लश, झिजलेला स्पिंडल, जुनी टाकी हे घरमालकांना फोटोसह कळवा. भिंतीत ओल उतरली तर नुकसान त्यांचंच आहे, त्यामुळे सहसा ते नाही म्हणत नाहीत. लाइट बिल मात्र तुम्ही भरता, म्हणून गीझरचा थर्मोस्टॅट आणि बादली तुमच्याकडे. एरेटर स्वतः आणा, तो हाताने फिरवून निघतो. नळाची जुनी जाळी एका लिफाफ्यात घालून, कोणत्या नळाची ते वर लिहून, भाडेकराराच्या फाइलमध्ये ठेवा. घर सोडताना ती परत बसवायची आणि आपला एरेटर पुढच्या घरी न्यायचा.